सासऱ्यांची कॅसेट : पुसू नये

"माझ्या हाताखालून दहा हजार कॅसेटी गेल्या असतील. एकीला ओरखडा नाही, एक चुकून पुसली गेली नाही, आणि एकही रिवाइंड न होता कपाटात गेली नाही!"

हे वाक्य रिवाइंडकाकांनी रविवारी सकाळी, चहाचा कप बशीत ठेवता ठेवता उच्चारलं. हात दाखवून अवलक्षण कसं करावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने त्या सकाळी त्या टेबलाशी हजर असायला हवं होतं.

प्रसंग साधा होता. काकांच्या सासूबाई त्यांच्याच घरी राहत. पुढच्या रविवारी त्यांना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. काय आणू, काय आणू, असं सगळे आठवडाभर विचारत होते. सासूबाई नको नको म्हणत होत्या. त्या सकाळी मात्र दुधात बुडवलेलं बिस्कीट तोंडात घालून, ते नीट गिळून, त्या म्हणाल्या, "मला यांचा आवाज ऐकवा. ती कॅसेट आहे ना, ती. सगळी नाही ऐकवलीत तरी चालेल. शेवट तेवढा ऐकवा."

'हे' म्हणजे काकांचे सासरे. देवाघरी जाऊन त्यांना चोवीस वर्षं झाली होती. सासरे गाऊन निरूपण सांगत. उभं राहायचं, पेटीवाल्याकडे एकदा बघायचं, डोळे मिटून देवाचं नाव उचलायचं आणि मग तासभर गात, बोलत, हसवत, मध्येच गळा भरून आणत माणसांना खिळवून ठेवायचं. ऐकायला आलेला माणूस घरी जाताना निदान त्या दिवसापुरता तरी बायकोशी नीट बोलायचा, असा त्यांचा लौकिक होता. त्यांचं एकच निरूपण चित्रित झालेलं होतं. एक तासाची एकच कॅसेट. ती काकांच्याच कॅमेऱ्याने, काकांच्याच हातांनी भरलेली.

म्हणून काका बोलले. आणि वर पुढच्या रविवारी, बरोबर बारा वाजता, बैठकीच्या खोलीत, मोठ्या टीव्हीवर, असा मुहूर्तही देऊन बसले.

ते बोलत असताना बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. लेकीला ठसका लागला. काकांना वाटलं, भरून आलं दोघींना. तेही जरा भरून आल्यासारखे झाले.

आता या नावाची गोष्ट सांगायला हवी. काकांचं खरं नाव आता रेशनकार्डालाच आठवत असेल. बाकी सगळ्या वस्तीला ते रिवाइंडकाका. चौकातली पहिली व्हिडिओ कॅसेट लायब्ररी त्यांची. कॅसेट परत आणणाऱ्याने ती पहिल्यापासून गुंडाळून आणली नाही, तर काका त्याला सगळ्यांसमोर काउंटरशी उभं करत आणि मशीनवर ती कॅसेट मागे फिरेपर्यंत हलू देत नसत. वर प्रवचन असायचंच. जेवल्यावर ताट कोण उचलतं? आंघोळ झाल्यावर नळ कोण बंद करतं? मग सिनेमा बघून झाल्यावर तो मागे कुणी न्यायचा, माझ्या आजोबांनी? भलेभले, मिशीवाले, गाडीतून येणारे लोक तिथे मान खाली घालून उभे राहिलेले वस्तीने पाहिले आहेत.

मग दिवस फिरले. कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या. काकांनी अर्धं कपाट चकत्यांचं केलं. चकत्यांना रिवाइंड करावं लागत नाही हे कळल्यावर त्यांचा जीव थोडा उदास झाला, पण ते गिऱ्हाइकांना त्या फडक्याने पुसायला लावू लागले. मग चकत्याही गेल्या. सिनेमा म्हणे हवेतून येऊ लागला. दुकानाच्या जागी आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. आणि काकांच्या घरात लेक बसते. ती तीस सेकंदांचे व्हिडिओ कापून देण्याचं काम करते, आणि त्यासाठी तिला महिन्याचा पगार मिळतो, हे काकांना अजून पचलेलं नाही. तीस सेकंदांत त्यांच्या काळी कंपनीचं नावसुद्धा पूर्ण येत नसे! संध्याकाळी सगळे मिळून काहीतरी बघू म्हणून बसतात, आणि काय बघायचं हे शोधण्यातच पाऊण तास जातो. शेवटी सगळे आपापला मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात. काका म्हणतात, आमच्याकडे सहाशे कॅसेटी होत्या आणि माणूस दोन मिनिटांत घेऊन जायचा. लेक म्हणते, बाबा, कारण त्यातल्या पाचशे नव्वद बाहेर गेलेल्या असायच्या.

तर असा हा बाणेदार माणूस. दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्याने कपाट उघडलं.

कॅसेट जागेवर होती. पांढऱ्या पट्टीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'सासऱ्यांचे निरूपण. पुसू नये.' खाली दोन रेघा. काकांनी ती प्रेमाने हातात घेतली, रुमालाने पुसली, उलटी केली. आणि त्यांच्या हाताला काहीतरी चिकट लागलं.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक इवलासा तुकडा असतो. कॅसेट कायमची जपायची असेल तर तो नखाने मोडून टाकायचा. मग मशीन त्यावर दुसरं काही भरूच देत नाही. काकांनी तो तुकडा स्वतः मोडला होता. पण आता त्या भोकावर चिकटपट्टी होती. भोक झाकलं की मशीन फसतं आणि मुकाट्याने नवं भरून घेतं. ही युक्ती वस्तीत कुणाला माहीत होती? ज्याने ती वस्तीला शिकवू नये म्हणून आयुष्यभर काळजी घेतली, त्याला.

काका मटकन खुर्चीत बसले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ त्यांच्यासमोर लख्ख उभी राहिली. फुटबॉलचा अंतिम सामना. लायब्ररीत गिऱ्हाइकांची झुंबड. घरी जाऊन बघणं अशक्य. सामना संपत आल्यावर धावत येऊन निदान शेवट तरी भरायला लावावा, तर घरात एक कोरी कॅसेट नाही! मशीनमध्ये होती सासऱ्यांची. सासूबाईंनी नुकतीच लावून पाच मिनिटांत बंद केलेली. आणि सासरे तेव्हा चांगले धडधाकट, शेजारच्या खोलीत बसून पेरू खात होते. जिवंत माणसाची कॅसेट कोण जपतो? वाटलं, त्यांना काय, सांगितलं तर आत्ता उभे राहतील आणि दोन तास गातील. चिकटपट्टी लावली, बटण दाबलं, धावत परत दुकानात. मग सामन्याचा निकाल रस्त्यावरच कळला, आपला संघ हरलेला, म्हणून कॅसेट पुन्हा कधी लावलीही नाही. आणि चार वर्षांनी सासरे गेले.

म्हणजे या कॅसेटवर निरूपण नव्हतं. फुटबॉल होता!

चिकटपट्टी जरा जाड वाटली त्यांना. पण ज्याच्या तोंडचं पाणी पळालंय तो पट्टीची जाडी कुठे मोजत बसणार?

पहिला विचार हा की आपण एकट्याने बघून खात्री करावी. माळ्यावरून जुनं मशीन काढलं, धूळ झटकली, वायर जोडली. मशीनने एक उसासा टाकला, आतून जळक्या रबराचा वास सोडला आणि देह ठेवला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत बघितलं आणि आतला पट्टा विरघळून डांबर झाला आहे, हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की काकांना सांत्वनाला आल्यासारखं वाटलं.

दुसरा उपाय, खोटं बोलणं. संध्याकाळी काकांनी चेहरा लांब करून जाहीर केलं की कॅसेटला बुरशी लागली आहे. त्यांना वाटलं होतं, बायको आकाशपाताळ एक करेल. तिच्याच वडिलांची कॅसेट! पण ती बिचारी किती समजूतदार निघाली. म्हणाली, असेल हो, इतकी वर्षं झाली, कशाला तिला त्रास द्यायचा. लेकही म्हणाली, बुरशीची कॅसेट फिरवली तर फीत तुटते बाबा, राहू दे. काकांचा ऊर भरून आला. असं कुटुंब लाभायला पुण्याई लागते.

पण सासूबाईंना हे मान्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "बुरशी काय, माझ्या गुडघ्यातही असेल. पुसून घ्या जावईबापू. तुम्ही तर दहा हजार पुसल्यात."

आणि त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितला.

मेव्हणे हे मोठं प्रकरण होतं. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, पण तपासणी न थांबलेले. दुसऱ्याच्या घरात शिरले की आधी चपलांची रांग बघत, मग माणसांकडे. त्यांनी फोनवर वडिलांचा वारसा या विषयावर बारा मिनिटं घेतली. पुढे म्हणाले, अशी दुर्मीळ वस्तू उठसूट चालवू नये, सीलबंद करून एखाद्या संग्रहालयाला द्यावी. काकांच्या जिवात जीव आला. आयुष्यात प्रथमच मेव्हण्यांचं म्हणणं त्यांना शंभर टक्के पटलं. पण सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून एवढंच म्हटलं की मी संग्रहालयात राहत नाही, इथे राहते, आणि रविवारी तू साडेअकराला ये.

मग लेकीने शोधून काढलं की जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारं एक दुकान आहे, पण तिथे म्हणे महिनामहिना रांग असते. हे सांगताना ती का कोण जाणे खूश दिसली. सासूबाईंनी पत्ता मागून घेतला, तो काकांच्या खिशात घातला आणि म्हणाल्या की नव्वद वर्षांच्या बाईला महिन्याची रांग सांगणाऱ्याला जरा माझं वय सांगा.

मंगळवारी सकाळी काका कॅसेट पिशवीत घालून निघाले. वाटेत एक पूल होता. पुलावर ते पाच मिनिटं उभे राहिले. खाली पाणी होतं, हातात पिशवी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. 'पुसू नये' अशी अक्षरं पिशवीच्या पातळ कापडातून दिसत होती. आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. रोज संध्याकाळी त्या बंद टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात, आणि कुणी लावू का म्हटलं तर म्हणतात, नको, असंच बरं आहे. काकांच्या मनात आलं, सासरे असते तर म्हणाले असते, पाप बुडवायला पूल नाही पुरत जावईबापू, त्याला चारचौघांत उभं राहावं लागतं. सासऱ्यांचं एकही निरूपण त्यांनी धड लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, पण हे मात्र ते नक्की म्हणाले असते. काका निमूट पुढे निघाले.

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतीभर मेलेली मशीनं आणि मध्ये पांढऱ्या दाढीचा एक मनुष्य. काकांनी घसा साफ केला आणि अजिजीने बोलायला सुरुवात केली. कॅसेट उतरवायची आहे, पण उतरवताना जर मध्ये काही वेगळं, म्हणजे खेळबिळ निघाला, तर तेवढा कापून टाकायचा आणि कुणाला बोलायचं नाही. दाढीवाल्याने कॅसेट हातात घेतली, तिच्या छोट्या खिडकीतून आतली फीत पाहिली, आणि मान वर केली.

"रिवाइंड करून आणलीय का?"

काकांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. दाढी त्यांनी ओळखली नव्हती, पण डोळे ओळखले. पस्तीस वर्षांपूर्वी हाच माणूस नव्या नवरीसोबत कॅसेट परत करायला आला होता, आणि काकांनी त्याला तिच्यासमोर वीस मिनिटं काउंटरशी उभं केलं होतं.

दाढीवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. ती जुनी कॅसेट हाताने, पेन्सिल घालून, सावकाश मागे फिरवायला दिली. तिला झटका सोसणार नाही म्हणाला. काका चाळीस मिनिटं उभे राहून पेन्सिल फिरवत होते. येणारी गिऱ्हाइकं बघत होती. एकाने तर विचारलं, आजोबा इथे कामाला आहेत का? मग दाढीवाला म्हणाला की कापाकापी आपण करत नाही, जसं आहे तसं उतरवतो, हा धंद्याचा धर्म तुमच्याच काउंटरवर शिकलो. रांग महिन्याची आहे, पण नव्वद वर्षांच्या आजींचं म्हणता तर रविवारी अकराला देतो. त्याआधी बघायला मिळणार नाही.

रविवारी पावणेबाराला काका पेनड्राइव्ह मुठीत घेऊन घरी पोहोचले. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खुर्चीत सासूबाई, धुतलेली शाल, डोळ्यांना नवा चष्मा. शेजारी मेव्हणे ताठ बसलेले. मागे चार शेजारी. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत. लेक टीव्हीपाशी, चेहरा पांढरा. काकांना वाटलं, सगळे किती हळवे झालेत.

त्यांची योजना ठरलेली होती. मीटरच्या पेटीला टेकून उभं राहायचं. फुटबॉल दिसला रे दिसला की मुख्य बटण खाली. वीज गेली म्हणायचं. मग तुकडा खराब झाला, मग उद्या, मग परवा. फार पुढचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

पडदा उजळला. आणि सासरे आले!

खरंच आले. बुटके, हसरे, खांद्यावरचं उपरणं सारखं करत. पेटीवाल्याकडे एकदा बघितलं, डोळे मिटले आणि देवाचं नाव उचललं. खोलीत टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती. सासूबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले. सासऱ्यांनी तान संपवली, डोळे उघडले, आणि गोड आवाजात विचारलं की माणसं हो, देव माणसाला सगळ्यात जास्त केव्हा हसतो, सांगू? तर...

"...डाव्या बाजूने जोरदार मुसंडी!" सामन्याचा निवेदक ओरडला.

काकांचा हात मुख्य बटणावर होता. नुसतं दाबायचं होतं. पण पडद्यावर बरोबरी होती आणि शेवटची सहा मिनिटं राहिली होती. हा सामना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता! निकाल माहीत होता, पण गोल कसा झाला, चूक कुणाची, पंच विकला गेलेला होता की नाही, हे अठ्ठावीस वर्षं ठसठसत होतं. बोट बटणावरच राहिलं, आणि मान पुढे पुढे जात राहिली. मेव्हणे उठून उभे राहिले होते. हा काय प्रकार आहे, वडिलांच्या पवित्र स्मृतीवर कुणी लाथा मारल्या, असं ते मोठ्याने विचारत होते. काकांना ऐकू येत नव्हतं. पंचाने शिट्टी फुंकली. पेनल्टी! खेळाडूने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, धावत आला, पाय उचलला, आणि...

...एका बाईने हळूच दिवाणखान्याचा पडदा बाजूला केला आणि व्हायोलिनं रडू लागली.

"माझी मॅच कोणी पुसली?" काका गरजले.

खोलीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. आपण काय बोललो हे काकांना चार क्षणांनी कळलं. दहा हजार कॅसेटींचा धनी मीटरच्या पेटीला टेकून उभा होता, आणि चोरी त्याने स्वतःच्याच तोंडाने ओरडून सांगितली होती.

पण पडद्यावरची ती बाई कोण? स्वयंपाकघराच्या दारातलं भांडं खाली पडलं. ती मालिका त्या काळी घराघरांत गाजली होती. आठ वर्षं चाललेल्या मालिकेचा शेवटचा भाग. काकांची बायको भांडं उचलायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही. मग तिथूनच तिचा आवाज आला. त्या दिवशी तिला नणंदेच्या घरी जावं लागलं होतं, ही कॅसेट मशीनमध्ये अर्ध्यावर होती, त्यावर तसाही कुणीतरी फुटबॉल भरून ठेवलेला, तिला वाटलं वडिलांचं आधीच गेलंय. आणि वडील तेव्हा होते हो, शेजारच्याच खोलीत होते.

"आणि मला आठ दिवस बुरशी सांगत होतात," ती म्हणाली.

"तू मान का डोलवत होतीस मग?" काका म्हणाले.

यावर दोघंही टीव्हीकडे वळले, कारण पडद्यावर मालिकेतल्या नायिकेच्या दारावर थाप पडली होती. बारा वर्षं बेपत्ता असलेला नवरा आला की त्याचा जुळा भाऊ, एवढंच कळायचं राहिलं होतं. शेजारीणबाई पुढे सरकून बसल्या. नायिकेने कडी काढली, दार उघडलं, दारात उभा होता...

...गाजराच्या वेशातला मुलांचा घोळका. 'भाजी खा, ताकद मिळवा' असं गाणं. गाजरांच्या मागे एक फ्लॉवर, अवघडलेला, उलट्या बाजूला नाचणारा.

फ्लॉवर म्हणजे त्यांची लेक. वय वर्षं अकरा, मुलांच्या कार्यक्रमात टीव्हीवर पहिल्यांदा दिसली तेव्हाची.

आता बायको उसळली. दारात कोण होतं ते तिला आजवर कळलं नव्हतं. लेक म्हणाली, आई, मी फक्त चाळीस सेकंद दिसले होते, मला ते ठेवायचं होतं, आणि तुम्हीच दोघांनी आधी पुसलेलं होतं की! वर ती असंही म्हणाली की तिच्या आयुष्यातला पहिला छोटा व्हिडिओ तोच. काकांना त्याही स्थितीत वाटलं की रोग तेव्हाचाच आहे तर.

या गोंधळात एकट्या मेव्हण्यांचा आवाज स्वच्छ होता. लोकांना ब्रह्मज्ञान सांगण्याची अशी संधी रोज मिळत नाही. एका संताची वाणी या घराने चेंडूखाली, रडक्या बायांखाली आणि भाजीपाल्याखाली गाडली, असं ते म्हणाले. आपल्या घरी ही कॅसेट असती तर तिच्यावर धुळीचा कण बसला नसता. तुमच्या हातात ठेव दिली हीच चूक झाली. मला तर शरमेने...

फ्लॉवर गिरकी घेता घेता अदृश्य झाला. पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर टेबलाशी बसला होता. मागे फलक, 'फोन करा, विचारा'. डॉक्टर हसून म्हणाला, बोला, आपला प्रश्न?

आणि टीव्हीतून एक आवाज आला. ताठ, खणखणीत, प्रत्येक अक्षर तपासून पाठवणारा.

"नमस्कार डॉक्टर. प्रश्न माझा नाही. माझ्या एका मित्राचा आहे. त्याला गेले अकरा दिवस शौचास साफ होत नाही."

मेव्हणे उघड्या तोंडाने उभे होते आणि त्यांचाच आवाज टीव्हीतून त्यांच्या मित्राची सकाळ सविस्तर सांगत होता. कॅसेट त्यांनी एकदा महिनाभर नेली होती, हे आता काकांना आठवलं. वडिलांच्या चरणी बसून ऐकायची आहे म्हणून नेली होती.

"मामा," लेक हळूच म्हणाली, "मित्र बरा आहे ना आता?"

मेव्हणे बसले. बसताना खुर्ची जरा बाजूला होती, तरी बसले.

आता कुणी कुणाला दोष द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. चोवीस वर्षांत ही कॅसेट लावा असं या घरात एकदाही कुणी का म्हटलं नव्हतं, ते चौघांनाही त्या एका क्षणात कळलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं पाप बाकीच्यांना माहीत नाही. काकांनी पिशवीतून मूळ कॅसेट काढली आणि त्या जाड चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. वर एक पारदर्शक पट्टी, तिच्याखाली फुलाफुलांची, तिच्याखाली बोटाला लावतात ती औषधी पट्टी, आणि सगळ्यांत खाली त्यांची, तपकिरी.

आणि या सगळ्यात सासूबाईंकडे बघायचं धैर्य कुणाला नव्हतं. शेवटी काकांनीच बघितलं.

सासूबाई झोपल्या होत्या. मान खांद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं. त्या केव्हा झोपल्या हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकच गोष्ट मागितली होती म्हातारीने. त्यांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

डॉक्टर कोमट पाणी प्यायला सांगत होता. तेवढ्यात पडदा थरथरला, दोन पांढऱ्या रेघा वर गेल्या, आणि पेटीचा सूर आला.

सासरे! घामेजलेले, दमलेले, हसरे. शेवटची पाच मिनिटं कुणाच्याच तावडीत सापडली नव्हती. त्यांनी शेवटचं कडवं गायलं. देवाचं नाव हळूहळू खाली आणून जमिनीवर ठेवावं तसं ठेवलं. हात जोडले. मग पहिल्या रांगेकडे बघत त्यांनी डोळे मिचकावले आणि ध्वनिक्षेपकाला तोंड लावून म्हणाले:

"झालं. आता आमच्या घरच्या मंडळींना कुणीतरी उठवा."

कॅसेटीतले लोक हसले.

"जागीच आहे मी," सासूबाई खुर्चीतून, डोळे मिटूनच म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर सासरे उपरणं सावरत होते. सासूबाईंनी चष्मा वर ढकलला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, ते चौकटीबाहेर जाईपर्यंत. मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "हेच हवं होतं मला. दरवेळी असंच म्हणायचे मेले, माइकवरून. सगळ्यांसमोर."

काकांनी खाली मान घालून मधल्या पाऊण तासाची माफी मागितली. सासूबाईंना कळेचना, कसली माफी. मधलं मी कधीच ऐकलेलं नाही, म्हणाल्या. पहिली तान झाली की माझा डोळा लागायचा. चाळीस वर्षांत एकदाही मधलं ऐकलं नाही. तुम्ही त्यात काय भरलंत ते भरलंत. बाकी त्या मित्राला म्हणावं, रात्री भिजवलेले मनुके खा. मेव्हण्यांनी मान डोलावली.

मग त्या म्हणाल्या, ते शेवटचं मला रोज ऐकता येईल का?

इथे लेक पुढे आली. दोन मिनिटांत तिने तो तुकडा कापला. आठ सेकंद. आठच! काका बघत राहिले. तीन दिवस पेन्सिल फिरवूनही त्यांच्याच्याने हे झालं नसतं. लेकीने तो आजीच्या मोबाइलवर घातला आणि विचारलं, केव्हा वाजू दे? आजी म्हणाल्या, पहाटे पाचला, तेव्हाच उठवायचे.

काकांनी पेनड्राइव्हला एक चिठ्ठी चिकटवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'पुसू नये.' मोडून टाकायला एखादा प्लास्टिकचा तुकडा आहे का, हे त्यांनी चारी बाजूंनी बघितलं. नव्हता. या नव्या गोष्टींचं हेच वाईट, म्हणाले.

तर आता त्या घरात रोज पहाटे पाच वाजता पेटीचा सूर येतो, आणि सासरे कडक आवाजात सांगतात की झालं, आता आमच्या घरच्या मंडळींना कुणीतरी उठवा. आणि कुणी बंद करेपर्यंत सांगत राहतात. बायको उशी कानावर घेते. लेक पलीकडच्या खोलीतून ओरडते. रिवाइंडकाका धडपडत उठतात, अंधारात मोबाइलपाशी जातात, आणि पडद्यावरच्या दोन बटणांकडे बघत बोट उचलून उभे राहतात. त्यातलं कुठलं थांबवतं आणि कुठलं पुसतं, हे त्यांना अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही, दहा हजार कॅसेटींचं ते वाक्य घरात अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून ते काहीच दाबत नाहीत. सगळं घर उठेपर्यंत ते ऐकत उभे राहतात.

सासूबाई तेवढ्या गाढ झोपलेल्या असतात.